मांजरांच्या वासाचा उन्हाळा

सोलापुरात उन्हाळा सुरू झाला हे मला नाकानं कळतं. होळी झाली की आमचे हे माळ्यावरनं कूलर खाली उतरवतात, मी त्याच्या जाळ्या काढते, गेल्या सालचं काळं पडलेलं गवत उपसते, आणि दर वर्षी नेमकं त्याच वेळी मला मांजराचा वास येतो. गवत नवं भरलं तरी येतो. मधल्या काळात अख्खा कूलरच बदलला, पत्र्याचा जाऊन प्लास्टिकचा आला, तरी येतोच. ह्यांना विचारलं, "वास येतोय की नाही?" तर हे आत तोंड घालून दोनदा हुंगतात आणि म्हणतात, "कशाचा? प्लॅष्टिकचा येतोय जरा." म्हणजे वास कूलरमध्ये नाहीच. मेला माझ्या नाकात घर करून बसलाय.

यंदा मी जाळ्या घासत बसले होते आणि गौरीचा फोन आला. गौरी आमची एकुलती लेक, पुण्यात नोकरीला असते, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. म्हणाली, "आई, रागावू नकोस. मांजराचं पिल्लू आणलंय."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"लई गोड आहे गं. पण रात्री झोपूच देत नाही. अंगावरनं पळतंय, पायाची बोटं चावतंय, पडद्याला लोंबकळतंय. सकाळी ऑफिसात माझे डोळे उघडत नाहीत. आपल्याकडं होती तेव्हा आपण काय केलं होतं?"

आपण म्हणे! जसं काही सगळ्या घरानं मिळून केलं होतं.

गौरी तेव्हा शाळेत होती. परीक्षा संपवून सुट्टीत माझ्या भावाकडं वळसंगला जायची आणि शाळा उघडायच्या तोंडावर परत यायची. तिच्या आठवणीत त्या उन्हाळ्याची तीन गोजिरवाणी पिल्लं आहेत, आणि माझ्या आठवणीत त्यांची घाण. ज्यांना मांजराची पिल्लं गोंडस वाटतात ती माणसं बहुतेक दुसऱ्याच्या घरातली पिल्लं बघून येतात आणि आपल्या घरी जाऊन झोपतात, असं माझं मत आहे. ते काही अजून बदललेलं नाही.

हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. मध्यरात्र उलटली की गाडी घेऊन अकलूजला जायचं, तिथल्या डेअरीतनं दूध भरायचं आणि उन्हं तापायच्या आत सोलापूर गाठायचं. उन्हाळ्यात हा सगळा घाईचा मामला, दूध काय कुणासाठी थांबत नाही. त्यामुळं यांची झोप म्हणजे संध्याकाळी जेवून पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंतची. सगळं जग टीव्ही बघतं तेव्हा आमच्या घरात कुजबुजून बोलायचं. भांडं आपटलं तर माझ्या सासूबाई, आमच्या अव्वा, डोळे वटारायच्या. आमच्या गल्लीत निम्मी घरं विणकरांची, यंत्रमागांचा खडखडाट रात्रभर चालू असतो, पण त्याचा ह्यांना कधी त्रास झाला नाही. त्या आवाजातच लहानाचे मोठे झाले. उलट वीज गेली आणि माग थांबले की हे दचकून उठायचे.

अशा माणसानं एके दिवशी सकाळी शर्टाच्या आतनं तीन पिल्लं काढून माझ्या ओट्यावर ठेवली. ओट्यावर! मी नुकताच पुसलेला. टँकरवरच्या ताडपत्रीच्या घडीत सापडली म्हणे. आई कुठं अकलूजलाच राहिली की रस्त्यात पडली, देव जाणे. डोळे चिकटलेले, कानात काळी घाण, अंगावर पिसवा अशा की नुसत्या बघूनच मला खाज सुटली.

"हितं नकोत," मी म्हणाले.

"आगं, लेकरं हायत ती," हे म्हणाले. "चार दिस ऱ्हाऊ देत की. जरा चालाय लागली की सोडून येतो."

आणि संध्याकाळपर्यंत नावंसुद्धा ठेवून झाली. ड्रायव्हर माणूस, नावं कुठली सुचणार! दोघांची क्लच आणि ब्रेक, आणि तिसरं अखंड बोंबलत होतं ते हॉर्न. ज्याला नाव पडलं ते घराबाहेर जात नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पिल्लं चालायला लागली. मग पळायला लागली. आणि पळायला लागली ती नेमकी ह्यांनी आडवं व्हायच्या वेळेला. दिवसभर उन्हाच्या काहिलीनं मोरीच्या गारव्यात मेल्यासारखी पडून असायची. घराचा पत्रा जरा निवला की जागी. ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवरनं कपाटावर, कपाटावरनं थेट ह्यांच्या पोटावर. ब्रेकला ह्यांच्या मिशांचा भारी नाद होता. पंजानं मिशी ओढायची आणि हे डोळे मिटून नुसतं म्हणायचे, "सोड रं राजा, सोड." राजा सोडतोय होय!

दुसऱ्या खोलीत कोंडा, असं कुणीही म्हणेल. कोंडली की. आमच्या खोल्या दोन, वर पत्रा, कूलर एकाच खोलीत. दुसरी खोली म्हणजे भट्टी. दार लावलं की पलीकडनं तिघांचा असा टाहो सुरू व्हायचा की मागच्या गल्लीतनं लोक विचारायला यायचे, काय झालं म्हणून. टोपलीखाली झाकली, टोपली घेऊन चालायला लागली. अंगणात ठेवली तर कुत्री टपलेली. एकदा चिडून मोरीत घालून कडी लावली. सकाळी बघते तर साबणाच्या वडीला दातांच्या खुणा, आणि हॉर्नच्या तोंडाला फेस. मला आधी वाटलं पिसाळलंच. मग कळलं, कपडे धुवायचा साबण खाल्लाय. तो त्यानं माझ्या पायावर ओकला, हिरवा, कोमट, बुडबुड्यांसकट. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग ह्यांनी आपली अक्कल लावली. माणूस दुधाच्या गाडीवरचा, घरात दुधाला तोटा नाही. म्हणाले, "पोट भरलं की झोपतील. रातच्याला टिच्चून दूध पाजू." आम्हाला दुसरं सुचणार तरी काय? आमचं घर लिंगायताचं. अव्वांच्या गळ्यात लिंग, रोज आंघोळ करून ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. तेव्हा आमच्या घरातली मांजरंही आपली दूध, भाकरी, दही-भातावर. अव्वा तर कौतुकानं म्हणायच्या, बघा, कशी आपल्यातलीच झाल्यात! मांजर म्हणजे काय खाणारं जनावर, हा विचार आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आता सांगताना मलाच हसू येतं.

तर रात्री वाटीभर दूध पाजलं. आणि मध्यरात्रीच्या आत तिघांनाही जुलाब झाले.

कुठं झाले हे सांगू का? माझ्या लग्नातल्या चादरीवर. माहेरची, जाड विणीची, मोरांची. आमच्या सोलापुरात चादरीचं काय अप्रूप, असं बाहेरच्यांना वाटेल. पण ती माझ्या आईनं मागावर उभं राहून रंग निवडून विणून घेतली होती. मोराच्या पिसाऱ्यावर पिवळा, आंबट घाण येणारा पातळ राडा. हे झोपेत त्यात लोळले होते. दिवा लावला, मी बघितलं आणि तोंडावर पदर धरून अंगणात पळाले. हे मात्र बसल्याजागी म्हणतात, "आरारा, पोट बिघडलं वाटतं बारक्यांचं." स्वतःच्या कोपराला काय लागलंय ते नाही बघितलं. मला पिल्लांची जेवढी किळस आली तेवढीच त्या क्षणी नवऱ्याचीही आली. लग्नाला इतकी वर्षं झाली की खोटं बोलायचं कारण नाही.

आणि मग कूलर. तिघांनी कधी शोध लावला ठाऊक नाही, पण कूलरच्या मागच्या जाळीतलं ओलं गार गवत म्हणजे आपल्यासाठी केलेली सोय, असा त्यांचा समज झाला. मागनं चढायचं, जाळीला पंजे रुतवायचे आणि सोडून द्यायचं. बरं, कूलर म्हणजे काय? त्या गवतातनं हवा ओढायची आणि खोलीभर फेकायची. आम्ही खिडकी उघडून, कूलर लावून त्या गार वाऱ्यासमोर तोंडं करून झोपायचो. तो वास नुसता वास नव्हता. डोळ्यांत जायचा, केसांत बसायचा, माठातलं पाणी पिताना लागायचा. गवत बदललं, पाण्यात लिंबू पिळलं, कापूर टाकला. कापूर आणि मांजराचं मूत मिळून जो वास होतो तो शत्रूलाही येऊ नये. देवळात मांजर मेल्यासारखं वाटायचं.

लोक म्हणतात, किळस उपजत असते. मला नाही तसं वाटत. मी वळसंगसारख्या गावात वाढले. सकाळी शेणात हात घालायचा, अंगण सारवायचं, तोच हात नळाखाली धरायचा आणि भाकरी मोडायची. म्हशीची वार पडताना बघितलीय, रेडकाच्या तोंडातला चिकटा बोटानं काढलाय. कधी कसंतरी झालं नाही. पण शाळेच्या वाटेवर अंड्याचं टरफल दिसलं तर मी रस्ता ओलांडून पलीकडं जायची. आईनं कधी सांगितलं नव्हतं, जा म्हणून. ती स्वतः जायची आणि माझा हात तिच्या हातात असायचा. तिच्या हातातनं ते माझ्यात आलं. जे असं हाताला धरून शिकवलेलं असतं ते पुन्हा कुणाच्या सांगण्यानं जात नाही.

ह्यांच्या डोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी होती, तिथं किळस-बिळस काही नव्हतं. तिथं नुसती भीती होती.

रोज सकाळी हे घरी आले की अव्वा त्यांना दारातच खाली बसवायच्या आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. लहानपणापासूनची सवय. त्या उन्हाळ्यात ते डोळे तांबडेलाल असायचे. "निद्दी इल्ला," अव्वा म्हणायच्या. झोप नाही. आणि माझ्याकडं बघायच्या, जसं काही मीच रात्रभर ह्यांच्या पोटावर नाचत होते.

एकदा हे आले आणि चहा पुढं ठेवला तरी प्याले नाहीत. कप हातात धरून बसले. मी विचारलं तर आधी काही नाही म्हणाले. मग हळूच, अव्वा मोरीत गेल्यावर, बोलले. "मोहोळच्या पुढं जरा डोळा लागला. गाडी डाव्या अंगाला गेली. ऊस भरलेली ट्राली बंद पडून हुभी होती, लाईट न्हाय काय न्हाय. क्लीनर वराडला म्हणून..." कप तसाच खाली ठेवला. भरलेला टँकर म्हणजे आत हजारो लिटर दूध हिंदकळत असतं, ब्रेक मारला तरी ते मागनं ढकलतच राहतं, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मी तिथल्या तिथं ठरवलं की मांजरं तरी राहतील नाहीतर मी.

अव्वांनी सगळं मोरीतनं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, ओल्या हातानं माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "एनरा माडु, नन्न मगा निद्दी माडबेकु." काहीही कर, माझा पोरगा झोपला पाहिजे. काहीही कर. हे शब्द मी नीट लक्षात ठेवले.

शेजारीपाजारी म्हणाले, पोत्यात घाला आणि मंद्रूपच्या बाजारात सोडून या. सगळे तेच करतात, बाजारात कुणाची कुणाला ओळख लागत नाही. मला ते पटलं होतं, पण ह्यांना विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात माझा भाऊ कामाला सोलापुरात आला होता, मी तिन्ही पिल्लं बाजाराच्या पिशवीत घातली आणि त्याच्या गाडीला अडकवली. वळसंगला शेत आहे, उंदीर आहेत, राहतील मजेत. घर फिनेलनं धुतलं. त्या संध्याकाळी घर कसं शांत! आणि हा मनुष्य उशाला हात देऊन पत्र्याकडं बघत पडला. कूस बदलली. पुन्हा बदलली. मी म्हटलं, "आता काय झालं?"

"काय न्हाय. हॉर्न कुटं निजला आसंल?"

त्या रात्री जेवढी झोप रोज मिळायची तेवढीही मिळाली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी भावानंच पिशवी आणून दारात ठेवली. तिघांनी त्याच्या घरातलं विरजण सांडलं होतं आणि शेजाऱ्याच्या कोंबडीच्या पिलांमागं लागली होती. गौरी तिथंच होती, तिनं निरोप पाठवला होता, आई, असं करू नकोस. ह्यांनी पिशवी उघडली आणि तिघांना एकदम छातीशी धरलं. माझ्याकडं न बघता आत घेऊन गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं सगळ्या गाई-म्हशी, आणि मध्ये मी पिशवी घेऊन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पिल्लांची पोटं दाबून बघितली, काय खायला घालता म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, दूध-भाकरी. त्या माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

"ताई, मांजराला मांस लागतं. दुधानं पोट बिघडतं आणि भूक तशीच राहते. उपाशी मांजर रात्री शिकार करणार नाहीतर काय करणार?" मग त्यांनी सांगितलं, दिवसा त्यांना फार झोपू देऊ नका, संध्याकाळी झोपायच्या आधी पळवा, चांगली दमवा. दोरी ओढा, चेंडू टाका, त्यांना काहीतरी धरू द्या. आणि दमली की लगेच पोटभर मांस घाला. खाल्लं की ती अंग चाटत बसतात आणि झोपतात. "त्यांची रात्र तुमच्या रात्रीला जुळवून घ्यायची," त्या म्हणाल्या. बोलायला काय जातंय!

पळवणं सोपं होतं. टॉवेलच्या दशा कापून त्यांचा गोंडा केला, सुतळीला बांधला आणि दिवेलागणीला अंगणात सुतळी ओढत पळायला लागले. माझ्यामागं क्लच, ब्रेक आणि हॉर्न. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या. एकदोघींनी तर खुर्च्या आणल्या. माझं तेव्हाचं वजन सांगत नाही. घामानं ब्लाऊज भिजायचा, धाप लागायची आणि कुंपणापलीकडनं शमीम आपा टाळ्या वाजवायच्या. शमीम आपा आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. त्यांना मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तर कपाळावर हात मारला. "क्या गे म्हादेवी, भूका पेट लेको बच्चा सोता क्या? तेरे घर की रीत बिल्ली कू क्या मालूम?" म्हणाल्या, मी घालते माझ्या अंगणात. आणि खरंच, रोज संध्याकाळी मी तिघांना पळवून दमवून कुंपणावरनं पलीकडं द्यायची, पोट भरलं की आपा परत द्यायच्या. तोंडं चाटत यायची. मी त्यांना लांब हातानं धरायची.

पहिल्याच रात्री तिघं ह्यांच्या पायाशी गोळा होऊन निजली. हे घोरायला लागले. मागांचा आवाज, कूलरचा आवाज आणि ह्यांचं घोरणं. मला चैन पडेना. उठून पिल्लांच्या नाकापुढं बोट धरून बघितलं, जिवंत आहेत ना म्हणून.

असंच चालू राहिलं असतं तर मी आज आपल्या मोठ्या मनाच्या गप्पा मारल्या असत्या. पण शमीम आपांच्या भाचीचं लग्न गुलबर्ग्याला ठरलं आणि त्या घराला कुलूप लावून गेल्या. जाताना म्हणाल्या, "अब तू खिला." पहिल्या रात्री मी नाही खिलवलं. पनीर घातलं. पिल्लांनी वास घेतला आणि पनीरवर माती ओढायचं नाटक केलं. रात्री पुन्हा तमाशा. पहाटे अव्वा पूजेला बसायला गेल्या तर त्यांच्या आसनावर पालीचं शेपूट, तुटलेलं, अजून वळवळणारं. पाल सापडली ह्यांच्या उशीखाली, अर्धी. अव्वांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली. आणि हे रात्री न झोपताच गाडीवर गेले होते. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढं ती बंद पडलेली ट्रॉली.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. नाकाला पदर, मान खाली. दुकानदारानं विचारलं, "कसं पाहिजे मावशी, स्किनसकट?" मी म्हटलं, "कसंबी दे बाबा. पण पिशवी काळी दे."

अंगणात दोन विटा मांडल्या, जुन्या पातेल्यात ते शिजवलं. वर करडा फेस आला. तो चमच्यानं काढायला लागतो, हे मला आपांनी सांगितलं नव्हतं. मग गार झाल्यावर हाडं काढायची, मांस बोटांनी कुस्करायचं. कातडी बोटाला चिकटते. नखात जाते. मानेच्या हाडाचे मणके असतात, ते हाताला मोजता येतील असे लागतात. मी दोनदा उठून गटारापाशी ओकून आले आणि पुन्हा येऊन बसले. पायाशी तिघं गुरगुरत होती, माझ्या साडीवर चढत होती. "गिळा, मेल्यांनो," मी म्हणाले, "गिळा आणि झोपा." गिळली आणि झोपली. हे झोपले. मी मात्र जागी, उजवा हात अंगापासून लांब ठेवून. लिंबू लावलं होतं, राख लावली होती, शिकेकाई लावली होती. वास होताच.

सकाळी अव्वांना भाकरी वाढायला गेले तर त्यांनी ताट मागं ओढलं. "मुट्टब्याड," म्हणाल्या. शिवू नको.

"तुमीच म्हणला होता की अव्वा, कायबी कर म्हणून!"

अव्वा ताट ठेवून उठल्या. दुपारी एका बर्नरचा छोटा गॅस माळ्यावरनं काढून घेतला आणि पलीकडच्या कोपऱ्यात आपलं वेगळं मांडलं. त्यांच्या हातांत पहिला जोर नव्हता. भाकरी थापताना कडा फाटायच्या, मध्ये जाड राहायची, तव्यावर करपायची. मी बघत बसायची. मदतीला उठले की तेच, मुट्टब्याड. मला राग यायचा, रडू यायचं, आणि खरं सांगायचं तर आतनं वाटायचं की त्यांचं बरोबरच आहे. मलाही माझ्या हातचं जेववत नव्हतं. मी चमच्यानं जेवत होते. ह्यांना विचारावं तर हे दोन्हीकडची भाकरी खाऊन म्हणायचे, "दोघीबी आपापल्या जागी बरोबर हायसा की." आणि उशीवर डोकं टेकलं की झोप. वर मलाच सांगायचे, "बघ, मी समजावून सांगितलं पिल्लास्नी, तवापासनं कशी शाणी झाल्यात." मी पातेलं घासायला घ्यायची. बोलून काय होणार होतं!

यंदा गौरीला मी फोनवर सगळं सांगितलं. पळव, दमव, मग खायला घाल, रात्री ओरडलं तर लक्ष देऊ नको. ती म्हणाली, "एवढंच ना? खाऊची पाकिटं मिळतात आई, फोडायची आणि ओतायची." पाकिटात काय असतं हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिला शिसारी येत नाही. तिचा हात मी कधी सोडला, कोणत्या रस्त्यावर, मला आठवत नाही. एका परीनं बरंच झालं म्हणायचं.

त्या उन्हाळ्यात शमीम आपा लग्नाहून परतल्या तरी मी ते काम त्यांच्याकडं दिलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. ह्यांची झोप माझ्या हाताला लागली होती, ती दुसऱ्याच्या हातात द्यायचा धीर झाला नाही, एवढंच. रोज संध्याकाळी विटा, पातेलं, फेस, कातडी. रोज तेवढंच कसंतरी व्हायचं. सवयीनं कमी होतं म्हणतात. कुणाचं होत असेल.

मग एका सकाळी हे आले. अव्वांनी नेहमीसारखं दारात बसवलं, अंगठ्यानं पापणी ओढली. एक डोळा बघितला, दुसरा बघितला. पुन्हा पहिला बघितला. डोळे पांढरे स्वच्छ होते. हे म्हणाले, "आता मोहोळला च्यालाबी थांबत न्हाय अव्वा. डोळा जड हुईतच न्हाय. काल तर गाणी म्हणत आलो." अव्वांनी त्यांच्या गालावरनं हात फिरवला आणि उठून आत गेल्या.

त्या संध्याकाळी मी पिल्लांचं आटपून पातेलं अंगणात पालथं घातलं आणि दारात आले. हातांना तूप लागल्यासारखा तवंग होता. अव्वांचा छोटा गॅस बंद होता. त्या माझ्या ओट्यापाशी, माझ्या भाकरीच्या टोपलीशेजारी ताट घेऊन बसल्या होत्या.

"नीडु," म्हणाल्या. वाढ.

"अव्वा, माझं हात अजून..."

"इरली. नीडु." असू दे. वाढ तू.

एवढे दिवस मी हेच शब्द ऐकायला बसले होते. आणि ऐकल्यावर माझ्यानं टोपलीला हात लाववेना. भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र, दुपारी पापुद्रा येईपर्यंत भाजलेल्या, आणि त्यांच्यावर माझी ती बोटं. अव्वांनी पोरासाठी आपली किळस गिळली होती. माझी मला गिळता येत नव्हती. मी मागं फिरले, मोरीतला नळ सोडला, साबण घेतला, नखांत घातला, धुतला, पुन्हा घेतला. डोळ्यांतनं पाणी येत होतं ते पुसायला हात नव्हता.

आतनं अव्वांचा आवाज आला, "सावकाश धू, महादेवी. मी बसलेय."